फुंकर

"आई, फुंकायचं नाही. माझी शपथ आहे तुला," आन्झुला म्हणाली. "खरोखर हललं तरच येऊन सांग."

उर्सुला दचकली. "काय फुंकायचं नाही? ताप चढलाय का तुला?"

"लहानपणी बघितलंय मी. तुझ्या मांडीशी बसून, खालून. सगळ्यांना तुझा डोक्याचा रुमाल दिसायचा. मला तुझे ओठ दिसायचे."

 उर्सुलाने पाठीला टोपली लावली. टोपलीत लोकरीच्या फडक्यात गुंडाळलेली तिची नात होती. पहाटे जन्मलेली, न रडलेली. जावई तिकडे जर्मनांच्या मुलखात मसाले विकत हिंडत होता, त्याला अजून कशाचाच पत्ता नव्हता.

बाप्तिस्मा जिवंतालाच देतात. न रडलेलं मूल तसंच राहिलं तर त्याला स्मशानाच्या भिंतीबाहेर, झुडपांत पुरायचं. त्याचा जीव कायम अंधारात. पुढे आई स्वर्गात गेली तरी भेट नाही. म्हणून आजूबाजूच्या सगळ्या खोऱ्यांतल्या बाया पाठीवर टोपल्या घेऊन उर्सुलाच्या गावच्या सांत दुरीक चर्चमध्ये यायच्या. मारियामाउलीच्या मूर्तीखाली दगडावर मूल ठेवायचं, दोन्ही बाजूंना निखारे, ओठांवर कोंबडीचं मऊ पीस. पीस हललं की श्वास आला. क्षणभर का होईना, आला. मग फादरनी बाप्तिस्म्याचं पाणी घालायचं आणि मूल सुखाने परत जायचं.

तो दगडही काही साधा नव्हता. रोमच्या सरदारांचा, येशूचं नाव या डोंगरात पोचायच्या आधीचा. वर खोलगट परात कोरलेली, तिच्यात म्हणे बोकडाचं रक्त ओतायचे. गावाने देव बदलला, दगड तोच ठेवला. एवढा जड दगड हलवणार कोण?

पिसावर पहारा दोघींचा, उर्सुलाचा आणि गावातल्याच तुनिनाचा. तुनिना बिचारी खरंच पिसाकडे बघायची. उर्सुला फुंकायची. पहिल्यांदा फुंकलं तेव्हा एक पोरगी बर्फातून खिंड ओलांडून आली होती, पायांची बोटं काळी पडलेली, आणि पीस काही केल्या हलेना. उर्सुलाने हळूच श्वास सोडला. त्या पोरीचं तोंड बघितल्यावर पुढे तिने कधी विचारच केला नाही. आपण देवाला नुसती आठवण करून देतो, असं ती स्वतःला समजावायची.

चर्चच्या दारात नवे फादर वालेंट उभे होते. मिसरूड नुकतंच फुटलेला माणूस, पण कायद्याचा पक्का.

"बिशपांची या प्रकाराला मनाई आहे, ठाऊक आहे ना? गावासाठी आज शेवटचं करू देतोय. पण नात तुमची, तेव्हा तुम्ही कठड्याच्या मागे. निखारे नकोत. दारं बंद. आणि तुनिनाबाई, तुम्ही तोंडाला फडकं बांधा."

"का हो फादर, वास येतो का माझ्या तोंडाला?" तुनिना फणकारली. पण बांधलं.

 कठड्यापासून दगड चांगला लांब होता. तिथून बैलानेही फुंकलं असतं तरी पीस हललं नसतं. तिचे ओठ मात्र सवयीने आपोआप गोल व्हायला लागले, तसे तिने ते दातांखाली धरले. घरी आन्झुला दाराकडे डोळे लावून पडली असेल. जाऊन काय सांगायचं? त्या पिसासाठी उर्सुलाने आयुष्यात पहिल्यांदा प्रार्थना केली. आजवर तशी गरजच पडली नव्हती.

बायांची जपमाळ संपली, पुन्हा सुरू झाली. पीस जागचं हलेना. तुनिना इतकी खाली वाकली होती की तिची पाठ धरली, पण तिने डोळे काढले नाहीत. उर्सुला मनातल्या मनात म्हणत राहिली. माउली, एकदा. एवढ्या जणींना मी दिलं, मला एकदा तू दे.

शेवटी फादर पुढे झाले. तेही पांढरेफटक पडले होते. पीस उचलायला ते बाळाच्या तोंडावर वाकले आणि म्हणाले, "पुरे."

पुरे म्हणताना ओठ मिटून उघडतात. त्यातून सुटलेला श्वास पिसाला लागला. पीस उठलं आणि गालावर जाऊन पडलं.

"हललं!" तुनिना फडकं ओढून किंचाळली. "माझ्या डोळ्यांनी बघितलं! हललं!"

बाया धडाधड गुडघ्यांवर आल्या, रडू लागल्या. फादर तसेच वाकलेले. त्यांची बोटं स्वतःच्या ओठांकडे गेली. मान वर करून त्यांनी एवढ्या गर्दीत फक्त उर्सुलाकडे बघितलं. तिला कळलं होतं. आणि तिला कळलंय हे त्यांनाही कळलं. आता हा सांगणार, तिच्या मनात आलं. एका वाक्याचं काम होतं.

"पाणी आणा," फादर म्हणाले.  "नाव?"

"युस्तिना," उर्सुला कशीबशी म्हणाली.

"युस्तिना, तू जिवंत असशील तर..." आणि त्यांनी पाणी घातलं.

भिंतीच्या आत, चांगल्या जागी मूल पुरून झाल्यावर फादर तिच्याजवळ आले. "उर्सुलाबाई, इतकी वर्षं तुम्हाला झोप कशी लागायची?"

"लागायची फादर. ती मुलं माझी नव्हती."

घरी आन्झुला उठून बसली होती. "हललं?"

"हललं."

"तू..."

"नाही गं. मी फुंकलं नाही. मला तर जवळसुद्धा जाऊ दिलं नाही. विचार तुनिनाला."

आन्झुलाने दोन्ही हातांनी तोंड झाकलं आणि ती हमसून हमसून रडली. मग रडता रडताच हसायला लागली. "आली होती गं! माझी पोर आली होती! कसं हललं, सांग ना."

उर्सुला खाटेच्या कडेवर बसली. पीस कसं उठलं, गालावर कसं गेलं, तुनिना कशी ओरडली, सगळं तिने सांगितलं.  एवढ्या आयांना आनंदाने वेड्या होताना तिने बघितलं होतं. तसं एकदा आपल्यालाही व्हावं, एवढंच तिला आज हवं होतं.

"पुन्हा सांग," आन्झुला म्हणाली.

उर्सुलाने पुन्हा सांगितलं.