सोडता येत होतं

परगावी लिफ्ट बसवायला कोण जाणार, असं साहेबांनी विचारलं आणि सगळ्यांत आधी याने हात वर केला. ताईचा घटस्फोटित नवरा हल्ली त्याच शहरात ब्राझीलियन जिउ-जित्सू कुस्तीच्या क्लासला जातो, ही बातमी त्याने केव्हाच काढली होती. दाजींचा हात धरायचा, पिळायचा आणि सोडायचा नाही, एवढ्यासाठी हा पठ्ठ्या चार महिने आपल्या गावच्या क्लासात अंग मोडून घेत होता. 'दाजी' म्हणायची सवय मेली जिभेवरून जात नव्हती, तो भाग वेगळा.

"पाहुणा? नवीन दिसतोस," त्याचा पांढरा पट्टा बघून तिथले सर म्हणाले. "इथे एकच कायदा. समोरच्याने हाताने थोपटलं, की त्या क्षणी सोडायचं."

"सर, हा माझा मेहुणा!" भिंतीजवळून दाजी उठले. कमरेला निळा पट्टा, चेहऱ्यावर जावयाचं जुनंच गोड हसू. "याला मीच घेतो."

गजर झाला. दाजी बघता बघता त्याच्या छातीवर बसले आणि शंभरदा बजावलेलं विसरून याने रागाने दोन्ही हात ताठ करून त्यांना ढकललं. नवशिक्याची ठरलेली चूक! पुढच्या क्षणी याचा एक हात दाजींच्या मांड्यांत अडकला, कोपर उलटं वळायला लागलं. त्याने गादीवर थोपटलं. दाजींनी लगेच सोडलं.

"लागलं नाही ना रे?"

त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. याच माणसाने स्वयंपाकघरात ताईचा हात पाठीमागे पिरगळला होता. ती दुसऱ्या हाताने ओटा बडवत होती, बास बास म्हणत होती, आणि मनगट मोडेपर्यंत दाजींनी सोडला नव्हता. वर गळा काढून सांगितलं, 'रागाच्या भरात मला कळलंच नाही हो.' आईने ते खरं मानलं. ताईलाच म्हणाली, तू डिवचलं असशील.

दुसऱ्यांदा त्याने हात मुद्दाम ताठ केला. दाजींनी झडप घालताच हळूच म्हणाला, "ताई लग्न करतेय. तुमच्यापेक्षा बरा मिळालाय."

दाजींच्या कपाळाची शीर तटतटली, दात आवळले गेले. कोपरातून कळ निघाली. त्याने थोपटलं.

दाजींनी सोडलं. तिथल्या तिथे.

शेवटच्या फेरीआधी सगळे गोल बसले. पाहुण्याने दोन शब्द बोलायचे, अशी तिथली रीत होती.

"आत्ता माझ्या दाजींना मी मुद्दाम चिडवलं," तो म्हणाला. "लालबुंद झाले, तरी थोपटल्यावर सोडलं. म्हणजे रागातही यांना कळतं. माझी बहीण ओट्यावर थोपटत होती, तेव्हा यांनी तिचं मनगट मोडलं."

सरांनी दाजींकडे पाहिलं. "खरंय?"

"सर, तो घरचा मामला..."

खोटं आहे, असं दाजी म्हणाले नाहीत. ते सगळ्यांनी ऐकलं.

शेवटचा गजर झाला, जोड्या लागल्या. दाजींनी शेजारच्या मुलीपुढे हात केला, ती उठून दुसरीकडे गेली. मग एका जुन्या भिडूपुढे केला. त्याने पट्टा आवळायचं निमित्त काढून पाठ फिरवली. भर गादीवर दाजी एकटेच उभे राहिले.

हा भिंतीला टेकून ऐसपैस बसला आणि त्यांच्याकडे टक लावून बघत राहिला. दाजी जवळ आले, खाली वाकले.

"बास कर ना आता," ते पुटपुटले.

"ताईपण हेच म्हणत होती," तो म्हणाला, आणि बघत राहिला.