प्लास्टरचा दाणा

प्लेट परत आली ती कापसाच्या पट्टीत गुंडाळून, आणि सोबत भाच्याच्या अक्षरातली चिठ्ठी होती : 'पेशंट घालत नाही. दुखतं म्हणते. तपासा.'

मामांनी चिठ्ठी दोनदा वाचली. त्यांना सगळे मामाच म्हणत, कारण दवाखान्याचा डॉक्टर त्यांच्या थोरल्या बहिणीचा मुलगा. दवाखाना दोन गल्ल्या पलीकडे, आणि मामांचं काम घराच्या मागच्या खोलीत. डॉक्टर पेशंटच्या तोंडाचं माप, म्हणजे मऊ लगद्यात उठवलेला जबड्याचा ठसा, घेऊन डब्यातून पाठवायचा. मामा त्या मापात प्लास्टर ओतून दातांचं मॉडेल काढायचे आणि त्या मॉडेलवर वाकडे दात सरळ करायच्या, काढता-घालता येणाऱ्या प्लेटा बनवायचे. टाळूला बसणारा गुलाबी अ‍ॅक्रिलिकचा तळ, दाढांना धरणारे तारेचे आकडे, मधोमध चावीने फिरवायचा बारीक स्क्रू. छत्तीस वर्षांत हजारो जबडे त्यांच्या हाताखालून गेले होते, पण जिवंत तोंडात त्यांनी कधी डोकावलं नव्हतं. ते त्यांचं काम नव्हतं.

त्यांनी फळीवरून मॉडेल काढलं आणि प्लेट बसवली. टक्क आवाज झाला. चपखल. त्यांनी भाच्याला फोन लावला.

"मॉडेलवर बसते ना?" भाचा म्हणाला. "मग झालं तर! पोरगीच नाटकी आहे. अकरा वर्षांची, पण आईला बोटावर नाचवते. उद्या पाचला बोलावलंय, चांगली झापतो."

"अरे, पण दुखतं म्हणते तर—"

"मामा, तुमची प्लेट चुकत नाही, म्हणून तर त्या मशीनवाल्या लॅबला मी अजून हो म्हटलेलं नाही. ते रोज फोन करतात. आणि इकडे आई माझ्यावर पहारा ठेवून आहे, मामाचं काम काढू नकोस म्हणून!"

भाचा हसला. मामाही हसले. फोन ठेवल्यावर मात्र त्यांना त्यात हसण्यासारखं काही सापडेना.

त्यांनी प्लेट उचलली, मॉडेल खिडकीपाशी नेलं आणि सवयीने तिरकं धरलं. टाळूच्या डाव्या बाजूला, सुळ्याच्या जागेच्या थोडं आत, मोहरीएवढा सपाट डाग होता. सुरीचा.

माप घेताना हवेचा बुडबुडा राहिला, की प्लास्टर त्या पोकळीत शिरतं आणि मॉडेलवर दाणा उमटतो. असे दाणे सुरीच्या टोकाने उडवायचे, हा या कामातला पहिला धडा. बुडबुड्याचा दाणा सुरी लावताच टिचकी मारल्यासारखा उडतो. हा उडाला नव्हता. याला जोर लावावा लागला होता. तो जोर त्यांच्या अंगठ्याला आत्ता, तीन आठवड्यांनी, आठवला.

तो दाणा नव्हता. भलत्या जागी उगवणाऱ्या सुळ्याचं टोक होतं. त्यांनी मॉडेलवरचा दात खरवडून काढला होता, आणि त्या सपाट जागेवर मापून अ‍ॅक्रिलिक बसवलं होतं. मॉडेलवर प्लेट चपखल बसणारच. मुलीच्या तोंडात मात्र ती त्या कोवळ्या टोकावर रोज दाबत होती.

"चहा निवला," बायको दारात येऊन म्हणाली. "आणि ते खिडकीपाशी डोळे फोडून काय बघताय? चष्म्याचा नंबर वाढलाय म्हणून वर्षभर दाताच्या कण्या केल्या मी."

"बघतो."

"तेच तर म्हणते, दिसतंय कुठं!"

एरवी ते हसले असते.

संध्याकाळी त्यांनी घासायचं यंत्र सुरू केलं. प्लेटच्या आतल्या बाजूने, नेमक्या त्या जागी, वाटाण्याएवढा खळगा कोरला, कडा गुळगुळीत केल्या, चकाकी आणली. पाच मिनिटांचं काम. आता दुखणार नाही. मुलीचंही भागलं, आपलंही झाकलं, कुणाला काही कळायची गरज नाही, असं त्यांनी मनाला समजावलं. मन समजलं, असं वाटलं तरी.

दुसऱ्या दिवशी प्लेट कुणाच्या हाती न पाठवता ते स्वतःच दवाखान्यात घेऊन गेले. का गेले, हे त्यांना नीट सांगता आलं नसतं. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय.

मुलगी खुर्चीत आडवी होती. शेजारी तिची आई पर्स पोटाशी धरून उभी. मामा औषधांच्या कपाटाला टेकून राहिले.

"शाळेत रुमालात गुंडाळून ठेवते, डॉक्टर," आई सांगत होती. "घरी आली की म्हणते, दुखतं. विचारलं कुठं, तर म्हणे, वर. वर कुठं? तर रडते. परवा माझा हात उठला हो. मग समोर बसवून तासभर घालायला लावली. तर तोंड असं वाकडं, जणू मी विष दिलंय!"

"मी खोटं नाही बोलत," मुलगी छताकडे बघत म्हणाली. हे तिने इतक्यांदा म्हटलं असावं, की त्यात आता काही जोर उरला नव्हता.

"आ कर," डॉक्टर म्हणाला. प्लेट आत सरकवून त्याने अंगठ्याने दाबली. "चाव. दुखतंय?"

मुलगी थांबली. तिने जीभ फिरवली, पुन्हा फिरवली. तिच्या कपाळाला आठी पडली.

"खरं सांग हं."

"आता... नाही दुखत."

"बघा!" आईने हात आपटला. "मी म्हटलं नव्हतं? डॉक्टरांपुढं बरी नाही दुखली! नाटकं सगळी. थांब, घरी चल, बाबांना सांगते."

"पण आधी दुखत होती," मुलगी म्हणाली, आणि म्हणता म्हणता तिचा आवाज लहान झाला. ती पुन्हा जीभ फिरवून ती जागा शोधत होती. दुखणं गेलं कुठं, हे तिलाच समजत नव्हतं. मामांना तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसलं, ती स्वतःवरच शंका घेऊ लागली होती.

आपण प्लेट दुरुस्त केली आणि पोरीला खोटी पाडली.

मामांनी भाच्याकडे पाहिलं. तो चिठ्ठीवर पुढची तारीख लिहीत होता. मग त्यांना आपलाच आवाज ऐकू आला, बारीक आणि चिरका.

"ती खरं बोलते. मी काल प्लेट घासली. आतून. म्हणून दुखत नाही."

"मामा?"

"मॉडेलवर दाताचं टोक होतं. मी दाणा समजून उडवलं. डाव्या बाजूला, आत. बघ तू."

डॉक्टरने प्लेट काढली आणि आरसा आत घातला. मग त्याने मामांना मानेनेच खुणावलं. मामा वाकले. ओल्या, गुलाबी टाळूत तांदळाच्या कणीएवढं पांढरं टोक वर आलं होतं, आणि त्याच्याभोवती लाल, सुजलेलं कडं होतं. छत्तीस वर्षांत पहिल्यांदाच त्यांनी जिवंत तोंड पाहिलं, ते हे.

"प्लेट घालतानाच मला दिसायला हवं होतं," डॉक्टर पुटपुटला. आईकडे त्याने पाहिलं नाही.

"म्हणजे दोन आठवडे मी पोरीला..." आईचं वाक्य तिथंच राहिलं. तिने मुलीच्या केसांवर हात ठेवला. मुलीने डोकं हळूच बाजूला घेतलं आणि मामांकडे वळून विचारलं, "तुम्ही माझा दात तोडलात?"

"प्लास्टरचा," मामा म्हणाले. "माझं चुकलं, बाळ."

"मग आईला परत एकदा सांगा. मोठ्यानं."

त्यांनी सांगितलं.

त्या दोघी गेल्यावर भाचा हात धूत बसला, गरजेपेक्षा जास्त वेळ. "फोनवर सांगायचं होतं मला. पेशंटसमोर कशाला? आता मी कुणाला काय बोलू? आपलेच दात आणि आपलेच ओठ."

"सांगायला हवं होतं," मामा म्हणाले.

चष्मा नवा आला. डबेही येत राहिले, पण आठवड्याला पाचाचे दोन झाले. ताईचा, भाच्याच्या आईचा, फोन आला, तिने कामाचा विषय काढला नाही, आणि तेवढ्यावरून मामांना कळायचं ते कळलं.

मंगळवारी नवं मॉडेल मापातून सुटलं. स्वच्छ, पांढरं, आणि मागच्या दाढेपाशी एक दाणा. नव्या चष्म्यातून तो गोल दिसत होता. बुडबुडाच असणार. मामांनी सुरी उचलली, टोक जवळ नेलं, आणि थांबले. मग सुरी खाली ठेवून त्यांनी भाच्याला फोन लावला. रिंग वाजत राहिली, कुणी उचलला नाही.

दहा मिनिटांनी त्यांनी पुन्हा लावला. मॉडेल खिडकीत होतं, दाणा जागच्या जागी.