वरचा प्रवास, खालचा प्रवास

ताई कवळ्या घडवायची. दंतवैद्यांकडून जबड्यांचे साचे यायचे आणि ती दिवसभर खिडकीशी बसून मेणात एकेक दात बसवायची. "माझ्याइतकी तोंडं कुणी पाहिली नसतील, पण बोलायला एक नाही," असं स्वतःच हसून म्हणायची. नवरा गेल्यापासून घरात दुसरं माणूस नव्हतं.

धाकटा भाऊ बंड्या दूरच्या शहरात राहायचा. "दूर कसलं? विमानानं पन्नास मिनिटं! हाकेच्या अंतरावर आहोत आपण," तो फोनवर म्हणायचा. मेव्हण्याच्या अंत्यविधीनंतर तो आला मात्र नव्हता.

शेवटी तीच निघाली. दोन बस बदलून विमानतळ, मग सामानाची रांग, तपासणीची रांग, त्यात विमानच रखडलेलं. पहाटे निघालेली ताई बंड्याच्या दारात उभी राहिली तेव्हा दिवे लागले होते.

"एवढा उशीर?"

"वरचा प्रवास पटकन झाला रे. खालचाच संपेना."

भावजयीनं काही कमी केलं नाही. नवी चादर घातली, आग्रहानं वाढलं. पण दोघंही कामानं मोडून आलेली. जेवणं झाल्यावर ताईला नवऱ्याच्या शेवटच्या दिवसांबद्दल बोलायचं होतं. ती शब्द जुळवेपर्यंत बंड्या खुर्चीतच घोरायला लागला. दुसरा दिवस असाच गेला.

तिसऱ्या दिवशी तो म्हणाला, "मला सकाळीच मीटिंग आहे. जाता जाता तुला विमानतळावर सोडू?"

विमान दुपारचं होतं. "सोड की," ताई म्हणाली.

ती प्लास्टिकच्या खुर्चीत पिशवी मांडीवर घेऊन बसली. दुपार टळली, तरी विमानाचा पत्ता नाही. तेवढ्यात फोन वाजला.

"पोचलीस ना घरी?"

"हो. मघाशीच."

"आवाज कसला येतोय?"

"टीव्ही लावलाय."

"बरं झालं. आराम कर."

का खोटं बोलली, तिलाच कळलं नाही. खरं सांगितलं असतं तर त्याला अपराधी वाटलं असतं आणि मग त्याची समजूत काढायचं कामही तिच्याच गळ्यात पडलं असतं.

अंधार पडल्यावर विमान उतरलं. सामानाच्या पट्ट्यापाशी पुन्हा फोन.

"ताई, आत्ता फोनवर पाहिलं. तुझं विमान आत्ता उतरलंय." बंड्या म्हणाला. "मघाशी सांगायचं की गं. आलो असतो मी, बसलो असतो तुझ्याजवळ."

"तुला वेळ कुठे होता?"

तोही फोन ठेवेना, तीही. पट्टा फिरत राहिला. मग पलीकडून भावजयीची हाक आली, पानं वाढली होती.

"जा, जेवून घे," ताई म्हणाली. "निवेल."

"उद्या करतो फोन. नक्की."

"कर."

तिनं बॅग उचलली आणि बसच्या रांगेत जाऊन उभी राहिली.