पेज आणि पांढरी गोळी

आ-ग्योकच्या घरात ते बोलकं डबडं आलं, त्या दिवसापासून तिचं त्याच्याशी वाकडं. मुलाने, बिंगहुंगने, ते ताइचुंग शहरातून आणून देवाच्या फळीखाली बसवलं होतं. सकाळी ते हाक मारायचं, साखर बघायला बोट टोचायला लावायचं, पाय सुजलेत का विचारायचं, आणि आज दवाखाना गाठायचा की घरीच पडून राहायचं तेही सांगायचं. काम चोख होतं, नाही असं नाही. पण बोलणं कसं, तर देवळाच्या वर्गणीला आलेल्या माणसासारखं गोडगोड. आ-ग्योकला गोड माणसांचा आधीपासूनच राग.

तरी ती निमूट ऐकायची. बिंगहुंगने बजावलं होतं की डबड्याचं ऐकलंस तर गावात राहा, पुन्हा चक्कर येऊन पडलीस तर माझ्याकडे सातव्या मजल्यावर. सातव्या मजल्यावर माणसाने लसूण कुठे वाळवायचा? त्या घरात ती एकदा राहून आली होती. खिडकीतून खाली बघायला नको म्हणून दिवसभर पडदा ओढून बसायची.

अंगणापलीकडे तिची नणंद आत्सू राहायची. दोघींत विस्तव जात नव्हता. वहिनी गेली की अख्खं अंगण आपलं, या आशेवर आत्सू जगत होती आणि ते लपवण्याची तसदीही घेत नव्हती.

लसूण काढणीच्या दिवसांत एका सकाळी आ-ग्योक ऊन चढायच्या आत जुड्या बांधून टाकू म्हणून अंगणात बसली. तिचे कान जड, म्हणून डबड्याचा आवाज मोठा करून ठेवलेला. आतून प्रश्न आला, "आजी, जेवलात का?"

"जेवले, जेवले," ती म्हणाली. पोटात घोटभर पाणी होतं.

डबडं खूश झालं आणि म्हणालं, मग साखर उतरवायची पांढरी गोळी घ्या. तिने उठून घेतली आणि पुन्हा जुड्यांपाशी येऊन बसली. थोड्या वेळाने हात कापायला लागले, अंगाला दरदरून घाम सुटला आणि ती लसणाच्या ढिगावर आडवी झाली. आत्सूने बघितलं, धावत येऊन तिला थोडं थोडं साखरपाणी पाजलं. तेवढी माणुसकी तिच्यात होती. मग त्याच चिकट हातांनी तिने बिंगहुंगला फोन लावला. तुझ्या आईचं डोकं गेलंय, म्हणाली, घेऊन जा तिला.

बिंगहुंग दुपारीच हजर झाला. आईला डॉक्टरांकडे नेऊन आणलं आणि ओसरीवर डबड्याची नोंद मोबाइलवर काढून तिच्यापुढे धरली. "हे बघ, जेवले म्हणालीस. डॉक्टर म्हणतात पोट रिकामं होतं. जेवलीस की नाही हेसुद्धा आठवत नाही तुला."

"मी कधीची सांगतेय," दारातून आत्सू म्हणाली.

आ-ग्योकच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "सगळं आठवतं मला. नव्हतेच जेवले."

"मग खोटं का बोललीस?"

"खोटं कसलं? कुणी जेवलीस का विचारलं की जेवले म्हणायचं असतं. एवढंही शिकवलं नाही का तुला मी?"

शिकवलं होतं. त्या गावात रस्त्यात, शेतात, मयताच्या घरीसुद्धा माणसं एकमेकांना तेच विचारतात, आणि उत्तर एकच असतं. नाही म्हणणं म्हणजे समोरच्यापुढे वाडगा धरणं. आ-ग्योकने लग्नानंतरची उपाशी वर्षं 'जेवले' म्हणत काढली होती, ती याच आत्सूसमोर.

"आई, ते यंत्र आहे," बिंगहुंगचा आवाज खाली आला. "ते खरंच विचारतं."

कुणी हे खरंच विचारत असेल, असं तिच्या मनाला आयुष्यात शिवलं नव्हतं. तिला रडू आलं आणि त्या रडण्याचाच भयंकर राग आला. बिंगहुंगने मात्र शेवटचं सांगून टाकलं. डोकं शाबूत असेल तर इथून पुढे खरं उत्तर दे, एकदा जरी चुकलीस तर सामान बांधतो.

दुसऱ्या सकाळी तो निघायची तयारी करत होता. फाटकाशी भाजीची गाडी थांबली होती, गल्लीतल्या बायका कोबी चाचपत होत्या, त्यांत आत्सूही होती. डबड्याने विचारलं. आ-ग्योक बायकांकडे बघत काहीतरी पुटपुटली. डबड्याला ऐकू आलं नाही, त्याने पुन्हा विचारलं. बिंगहुंग बूट घालता घालता थांबला.

"नाही!" ती ओरडली. "नाही जेवले मी!"

गाडीपाशी बायकांचे हात कोबीवरच थांबले. डबडं म्हणालं, मग गोळी आत्ता नको, आधी काहीतरी खाऊन घ्या. ते कुणी ऐकलं नाही. सगळ्या बायका आत्सूकडे बघत होत्या. भावाची म्हातारी विधवा भिंतीपलीकडे उपाशी आणि ही बया कोबी निवडतेय.

आत्सू तरातरा घरात गेली. रताळ्याची पेज आणि वर खारवलेली काकडी असा वाडगा घेऊन आली आणि आ-ग्योकपुढे आदळला.

"गावभर बोंबलून माझी अब्रू काढलीस," ती दबक्या आवाजात म्हणाली. "गिळ आणि मर एकदाची."

आ-ग्योकने चमचा उचलला. पेज गरम होती.

"मरते की, वन्सं," ती म्हणाली. "पण उद्याही डबडं मला हेच विचारणार आहे, आणि आता मी खोटं बोलायचं नाही असं ठरलंय."