सेम्बुयाने न सांगितलेला शेवट

सेम्बुयाने माईक तोंडाशी धरून दोनदा फुंकर मारली. आवाज आला नाही. व्हिडिओ हॉलचा मालक मुकीबी मागून म्हणाला, की ठेव तो खाली, आजपासून तुझ्या घशाला सुट्टी.

एरवी इंग्रजी चित्रपट चालू असताना सेम्बुया माईकवरून तो लोकांना इथल्या लुगांडा भाषेत सांगत असे. आज पडद्यावरची इंग्रजी पात्रं स्वतःच अस्खलित लुगांडात बोलू लागली, तीही सेम्बुयाच्याच आवाजात. मुकीबीने त्याची जुनी रेकॉर्डिंगं संगणकाला ऐकवली होती. यापुढे यंत्रच इंग्रजी संवादांचं भाषांतर करून सगळे चित्रपट त्याच्या आवाजात सांगणार होतं. मसाका गावातल्या त्या पत्र्याच्या हॉलमध्ये बाकांवर बसलेल्यांना वाटलं, गडी आज जरा घुम्यासारखा वागतोय. मागच्यांना झोपलात का म्हणून एकदाही डिवचलं नाही.

सेम्बुया मात्र जीव कानांत आणून ऐकत होता. त्याला इंग्रजी येत नव्हतं. बावीस वर्षं तो पात्रांचे चेहरे बघून मनानेच गोष्ट रचत आला होता, आणि हे त्याने बायकोलाही सांगितलं नव्हतं. या चित्रपटात मुलगा परदेशी गेलेला असतो, आई वाट बघते, शेवटी दारावर थाप पडते. कोटवाला माणूस काहीतरी बोलतो आणि आई चौकट धरून खाली बसते. 'आई, पोरगा फाटकाशी आलाय, पाणी तापव,' असं सेम्बुया त्या माणसाच्या तोंडी घालायचा.

पुढच्या बाकावर नालोंगो होती. नालोंगो म्हणजे जुळ्यांची आई; सगळे तिला त्याच नावाने हाक मारत. जुळ्यांतला काटो आखातात कामाला गेला आणि चार वर्षांपूर्वी त्याचे फोन थांबले. तेव्हापासून महिन्यातल्या एका रविवारी, चर्चमधली मिस्सा आटोपून, ती हाच चित्रपट लावायला सांगे.

थाप पडली. कोटवाला सेम्बुयाच्या आवाजात बोलला:

"बाई, तुमचा मुलगा गेला. तिकडेच पुरला त्याला."

दिवे लागल्यावर नालोंगो सावकाश त्याच्यापुढे येऊन उभी राहिली.

"आज असं का सांगितलंस?"

"मी नाही बोललो, नालोंगो. मशीन बोललं." त्याने हातातल्या माईकची वायर बोटाला गुंडाळली, सोडली. "आधीचं माझं होतं. मनचं. मला इंग्रजी येत नाही."

"मला येतं," ती म्हणाली. "मिशनच्या स्वयंपाकघरात वीस वर्षं काढली मी. तो कोटवाला काय म्हणतो ते पहिल्याच दिवशी ऐकलं होतं."

सेम्बुयाला मान वर करवेना.

"तुझ्या तोंडून आजवर नव्हतं ऐकलं," ती म्हणाली.

पुढच्या खेळाची माणसं आत शिरत होती. त्यांना वाट देत ती कडेकडेने बाहेर पडली.