दोन टोपल्या

पोरांनी एकेक वाक्य लिहून टोपीत टाकलेल्या चिठ्ठ्यांपैकी एक शोभाबाईंनी उचलून मोठ्यांदा वाचली, “ससा चंद्रावर शाळेत गेला.”

“गोष्ट!” तिसरीचा अख्खा वर्ग ओरडला, आणि चिठ्ठी डावीकडच्या, गोष्टीच्या टोपलीत पडली. ‘शेळी पाला खाते’ ही उजवीकडे, माहितीच्या टोपलीत. पोरं आज नुसती उधळली होती.

पुढची चिठ्ठी निकिताची निघाली. ‘माझी आई मढीच्या यात्रेला येणार हाय.’

बाईंचा हात मध्येच थांबला. निकिताचे आईबाप दसऱ्यानंतर टोळीबरोबर श्रीगोंद्याकडं ऊस तोडायला गेलेले, पोर आजीपाशी. यात्रा तर चार दिवसांवर आलेली.

“माहिती,” निकितानं जागेवरूनच सांगितलं.

“हॅट! गोष्ट हाय ती,” शेजारची पूजा म्हणाली. “माझी आई बी दर साली असंच म्हनती.”

निकिताचं तोंड एवढंसं झालं. पण पोरगी मोठी चिवट.

“बाई, माहिती खरी का खोटी ते विचारून बघता येतं, तुमीच म्हनला. मग विचारा की. लावा फोन.”

आता आली का पंचाईत! आपलंच शिकवलेलं असं अंगावर येईल, हे बाईंच्या ध्यानीमनी नव्हतं. त्यांनी व्हरांड्यात जाऊन नंबर लावला.

“न्हाई जमायचं, बाई,” पलीकडून आई म्हणाली. मागं कोयत्यांचे सपासप आवाज. “कारखाना बंद व्हायला अजून महिना हाय. मुकादम सोडत न्हाई. लई जीव तुटतो वो तिच्यासाठी. पन तुमी तिला म्हना, येती.”

बाईंनी पदरानं डोळे पुसले आणि त्या आत आल्या.

“काय म्हनली?” निकितानं विचारलं.

“येते म्हणाली.” बाईंनी चिठ्ठी घाईनं माहितीच्या टोपलीत टाकली.

निकिता त्यांच्या लाल डोळ्यांकडं बघत राहिली. मग उठली. टोपलीत हात घालून तिनं आपली चिठ्ठी शोधली, तिची नीट घडी घातली आणि ती गोष्टीच्या टोपलीत ठेवली.

“अगं, येते म्हणाली ना!”

“असू द्या, बाई,” निकिता म्हणाली. “हितं ससा चंद्रावर जातो. आईला तर निस्तं श्रीगोंद्यावरनं यायचंय.”