खुर्चीचं तोंड

"ताई, खुर्ची फिरवा. भिंतीकडं तोंड करून बसतो."

उत्तरेश्वर असं म्हणाला आणि माझ्या हातातले हेडफोन हातातच राहिले. गेली चार वर्षं हा माणूस कंपनीच्या वार्षिक तपासणीला बुधवार पेठेतल्या आमच्या क्लिनिकमध्ये येतो आणि कान तपासायच्या त्या फोम लावलेल्या खोलीत काचेकडे तोंड करून बसतो. काचेच्या अलीकडे मी. मी कळ दाबली की त्याच्या कानात शिट्टी वाजते. ऐकू आली की त्याने हातातलं बटण दाबायचं. काम एवढंच.

दुसऱ्या वर्षी माझ्या लक्षात आलं, तो ऐकतच नाही. कळ दाबताना माझा उजवा खांदा किंचित वर जातो, तो बघून बटण दाबतो. अरे चोरा! बोललेसुद्धा त्याला. तर म्हणाला, "पोरीला, भाग्यश्रीला, कम्प्युटर इंजिनिअर करायचंय, ताई. ती हिंजवडीला लागली की मी सुटलो. बहिरा माणूस प्रेस मशीनवर ठेवत न्हाईत, घरी बसवत्यात." कळंबकडून येऊन वाघोलीत दोन खोल्यांत राहिलेला माणूस. मी 'नॉर्मल' लिहून सही केली. पुढची दोन्ही वर्षं परत केली.

टेबलावर कानाचं प्लॅस्टरचं मॉडेल आहे. ते उघडून त्याला दाखवलं होतं. पडद्यामागे तीन हाडं: हातोडी, ऐरण, रिकीब. "म्हंजी आत बी कारखानाच की!" तो हसला. त्यापुढे शंखासारखा वळलेला आतला कान, आणि त्या शंखात केसाळ पेशी. उंच, बारीक आवाज ऐकणाऱ्या पेशी शंखाच्या तोंडाशीच असतात, म्हणून गोंगाटाचा दणका पहिला त्यांना बसतो. मेलेली पेशी पुन्हा उगवत नाही. हे ऐकल्यावर मात्र तो हसला नाही.

"आज काय झालं?" ओठ दिसतील असं समोर जाऊन मी विचारलं.

"मागून क्रेन आली. घंटा वाजत व्हती म्हणं. शेजारच्या मशीनवरच्या दत्तोबानं कॉलर धरून ओढलं म्हणून उभा हाय. आता खरं लिवा. नवा साहेब बहिऱ्याला स्टोअरात घेतो म्हणतोय."

मी खुर्ची फिरवली. दार लावलं. शिट्टी वाढवत नेली, आणखी वाढवली. त्याची पाठ ताठ होती, बटणावरचं बोट तयार होतं, आणि ते हलत नव्हतं. शेवटी दार उघडून खांद्यावर हात ठेवला, तर वळून म्हणाला, "करा की सुरू."

मला रडूच यायचं बाकी होतं.

कागद कंपनीला फॅक्स केला. तो बाहेर बाकावर बसला. अर्ध्या तासात तिथल्या नव्या साहेबांचा, इंद्रजीत साहेबांचा फोन. "मॅडम, चार वर्षं नॉर्मल आणि यंदा एकदम ठार बहिरा? हलकं काम पाहिजे म्हणून सोंग आहे हे. आधीच्या चारही कागदांवर सही आपलीच ना?"

आता खरं बोलायला हवं होतं. बोलले असते तर तो लबाड ठरला असता, मी त्याच्याहून मोठी. माझी वीस वर्षांची नोकरी गेली असती.

"हो, माझीच," मी म्हणाले. स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली.

"मग पुन्हा टेस्ट घ्या. आणि सांगा त्याला, नॉर्मल आली तर आजचं विसरतो; पुन्हा बहिऱ्याचं सोंग केलं तर उद्यापासून घरी."

मी सगळं कागदावर लिहून त्याच्या हातात दिलं. त्याने दोनदा वाचलं. वाटलं, शिव्या देईल. दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

"तुमची बी नोकरी हाय," तो म्हणाला. "पोरीचं एकच वरीस राह्यलंय. दत्तोबाला सांगतो माझ्यामागं उभा ऱ्हा म्हणून."

मग आत जाऊन त्याने स्वतःच खुर्ची उचलली, काचेकडे तोंड करून ठेवली आणि बसला. मी त्याला हेडफोन लावले, दार लावलं, माझ्या जागेवर आले. कळ दाबली. खांदा चांगला दिसेल असा वर उचलला.

त्याने बटण दाबलं.